बगलेतला पट

रेम्झी उस्ताला आयुष्यात दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक, यंत्रावर शिवलेली रजई. दुसरी, बगलेत धरलेला पट. पहिल्या तिटकाऱ्यावर त्याचं पोट चालायचं आणि दुसऱ्यावर रुबाब.

नालबंद चौकाच्या एका कोपऱ्यात त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दारं काढलेलं कपाटच. आत लाकडी चौथरा, चौथऱ्यावर पसरलेलं साटिन, आणि त्या साटिनच्या तळ्यात मांडी घालून बसलेला उस्ता. समोर त्याची बायको नेझिहे हानम सुयांत दोरे ओवत बसलेली. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, काठीने बडवून सारखा करायचा आणि मग वरून हाताने गुलाब, सूर्य, मोरपिसं टाचत जायचं. शहरातल्या निम्म्या जोडप्यांची पहिली रात्र त्याच्या टाक्यांखाली गेली होती आणि हे तो त्यांना विसरू देत नसे. "काय रे, मोरपीस उसवलं की नाही अजून?" असं तो नातवंडं झालेल्या माणसालाही भर बाजारात विचारायचा.

चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यात इहसानचा कहवाखाना. नाव कहवाखाना, मिळतो चहा. दुपार कलली की उस्ता सुई कोटाच्या कॉलरला टोचून उठायचा आणि आपला पट घेऊन चौक ओलांडायचा. तावल्याचा पट, अक्रोडाच्या लाकडाचा, मिटला की चपट्या पेटीसारखा, पोटात काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आणि दोन फासे. हा पट उशीच्या अभ्र्यात घालून, भट्टीवाला पावांची परात नेतो तसा तो उजव्या तळव्यावर तोलत न्यायचा. पाऊस असला तरी तसाच. वारा असला तरी तसाच. एकदा हात मोडला होता तेव्हा डोक्यावर ठेवून नेला. पण बगलेत? छे.

कारण तावल्यात जो हरतो त्याच्या बगलेत पट देतात. 'जा, घरी जाऊन शिकून ये' असा त्याचा अर्थ. इतर गावांत हे नुसतं बोलण्यापुरतं असतं. चार जण हसतात, हरलेला दोन शिव्या घालतो आणि पुढचा डाव लागतो. नालबंद चौकात मात्र ते खरोखर करायचं. हरलेल्याने पट मिटायचा, बगलेत मारायचा, कहवाखान्यातून बाहेर पडायचं आणि बाजारातून फेरी मारून तो परत आणून द्यायचा. कुठून जायचं ते त्याने ठरवायचं नाही. वाट जिंकणारा सांगतो.

आणि वाटा सांगण्यात रेम्झी उस्ताचा हात धरणारा कोणी नव्हता.

खाटकाचं सासऱ्याशी वाकडं होतं, तर त्याला सासऱ्याच्या दुकानावरून धाडलं. गणिताच्या मास्तरांना शाळा सुटायच्या वेळी शाळेवरून. आत्ताचे नगराध्यक्ष तेव्हा पहिल्यांदाच निवडणुकीला उभे होते. त्यांना विरोधकाच्या कचेरीवरून पाठवलं, आणि ती निवडणूक ते आपटले. उस्ताचं म्हणणं, "मी पाठवलं म्हणून नाही पडला. पट कसा धरतो ते लोकांनी बघितलं. एवढीशी पेटी ज्याला सांभाळता येईना, त्याला शहर कोण देईल?"

पण सगळ्यांत खोल घाव बसला तो जावित बेयला. जावितचं बुटांचं दुकान. माणूस नीटनेटका, मिशी कातरलेली, स्वतःचे बूट असे की त्यात समोरच्याला आपलं तोंड दिसावं. त्याच्या थोरल्या लेकीचा साखरपुडा होता. पाहुणे संध्याकाळचे, दुपारी घरात पायात पाय येत होते, म्हणून बिचारा जीव रमवायला आला आणि मार्स खाऊन बसला. मार्स म्हणजे आपली एकही सोंगटी पटाबाहेर न काढता हरणं. हार दुप्पट, लाज चौपट.

"वाट सांग," जावित म्हणाला.

"तुझ्या घरावरून."

"आबी, थोरल्या भावासारखा तू, पाहुणे लवकर आलेत रे. गच्चीत बसलेत. दुसरी कुठलीही सांग. स्टेशनावरून सांग, कबरस्तानातून सांग."

"कबरस्तानात तुला बघणार कोण?"

जावित गेला. गच्चीत मुलाकडची माणसं सरबत पीत बसली होती. "हे कोण गृहस्थ?" मुलाच्या बापाने खाली बघत विचारलं. "मुलीचे वडील," कोणीतरी खालमानेने सांगितलं. लग्न मोडलं नाही. मोडलं असतं तर परवडलं असतं असं जावितला पुढे जन्मभर वाटत राहिलं, कारण व्याही तेव्हापासून दर ईदला "या या, पटवाले!" म्हणून त्याला मिठी मारतो.

उस्ता स्वतः कधी या फेरीला गेला नव्हता. एखादा डाव जायचा, फाशावर कोणाच्या बापाची सत्ता नसते. पण पाच डावांची बैठक त्याने नालबंद चौकात कधी गमावली नव्हती. आपल्या थडग्यावर काय कोरायचं तेही त्याने ठरवून टाकलं होतं. नाव, बापाचं नाव आणि खाली 'याने पट बगलेत धरला नाही'. नेझिहे म्हणायची, "आणि माझं नाव?" तो म्हणायचा, "जागा उरली तर."

मग शेजारच्या शहराने आपल्या चौकात ब्राँझचं भलंमोठं अंजीर उभारलं. लोक बसगाड्या थांबवून त्या अंजिराला टेकून फोटो काढू लागले आणि आमच्या नगराध्यक्षांची झोप उडाली. आमच्याकडेही अंजीर होतं, पण आता ते त्यांचं झालं. "आपल्याकडे काय आहे?" त्यांनी सभेत विचारलं. "अरे, आपण दिवसभर करतो काय?" तेव्हा मागून कोणीतरी प्रामाणिकपणे सांगितलं, "तावला खेळतो." झालं. तावल्याचा पुतळा ठरला, पुतळ्याची समिती ठरली, आणि व्यापारी संघातर्फे त्या समितीत जावित बेय जाऊन बसला.

शिल्पकार अंकाऱ्याहून आली. सेर्पिल हानम. केस आखूड, बोटांच्या नखांत कायम माती. तिचा बाप न्यायाधीश. त्याच्या घरात फासा म्हणजे गुन्हा. त्यामुळे बाईला तावला फक्त दिसायला ठाऊक. ती कहवाखान्यात कोपरा धरून बसली आणि माणसं रेखाटू लागली, तसे सगळे पोट आत ओढून खेळू लागले. खाटकाने मिशा काळ्या केल्या. मास्तर उजेडाची खुर्ची सोडेनात. शेवटी बाईने बोट दाखवलं ते रेम्झी उस्ताकडे.

"या भुवया," ती म्हणाली, "ब्राँझसाठीच उगवल्यात."

उस्ता लोण्यासारखा पाघळला. दुकानात तिच्यासमोर तो फासे टाकायला उचललेला उजवा हात हवेत धरून तासन्‌तास बसू लागला. हात भरून आला की नेझिहे त्याखाली लोड सरकवायची. "बाईसाहेब, बाकी कसंही करा, हा हात नीट घ्या," तो सांगायचा. "हे शहर या हाताला ओळखतं."

"ओळखतं म्हणजे? घाबरतं," नेझिहे म्हणायची. उस्ताला ती तारीफ वाटायची.

शेवटच्या दिवशी बाईने आपल्या आईसाठी एक रजई घेतली. डाळिंबी रंगाची, कापसाने गच्च भरलेली, दोन हातांत मावणार नाही अशी. गाडी चौकाच्या कडेला उभी. पाहुण्या बाईला ओझं उचलू देणं उस्ताच्या रक्तात नव्हतं, त्याने रजई दोन्ही हातांनी कवटाळली. त्याची कहवाखान्याची वेळही झाली होती आणि पट चौथऱ्यावरच पडला होता. "हाही न्यायचाय ना तुम्हाला?" असं म्हणत बाईने तो चटकन उचलला आणि बापाच्या काखेत छत्री अडकवावी इतक्या सहज उस्ताच्या डाव्या बगलेत अडकवला.

उस्ताचा दगड झाला. रजई टाकावी तर खाली चिखल. पट टाकावा तर अक्रोड फुटणार. बाईला सांगावं तर काय? लेकीच्या वयाची पोर, पाहुणी, किती कौतुकाने हसतेय. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. चौकात चिटपाखरू नव्हतं. गाडी तर हाकेवर होती. तो चालू लागला. बाई पुढे पळत गेली, वळली, आणि तिने मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

शेजारच्या न्हाव्याकडे जावित बेय तोंडाला साबण फासून खुर्चीत बसला होता. त्याची पाठ चौकाकडे होती, पण समोर आरसा होता.

"हलू नका बेय, कापेल," न्हावी म्हणाला.

"मी नाही हलत," जावित म्हणाला. "तूही हलू नकोस. आरशात बघ."

थोड्या दिवसांनी सेर्पिल हानम समितीपुढे मातीचे दोन छोटे नमुने घेऊन आली. एकात उस्ता बसलेला, हात वर, समोर पट मांडलेला. दुसऱ्यात उस्ता चालतोय, आणि पट बगलेत.

"पहिला नुसता खेळाडू आहे," ती म्हणाली. "हा दुसरा मात्र माणूस वाटतो मला. काम आटोपून, आपलं आवडतं खेळणं जवळ घेऊन घरी निघालेला. किती शांत आहे बघा."

खोलीत खरोखरच शांतता पसरली. नगराध्यक्षांना खोकला आला. खाटीक समितीत होता, तो छताकडे बघू लागला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि नमुन्याकडे वाकून पाहिलं, जणू एखादं गणित इतक्या वर्षांनी सुटत होतं.

"दुसरा," जावित म्हणाला. "पहिल्याला टेबल लागेल, खुर्च्या लागतील, समोर गडी लागेल. उगाच पसारा. दुसरा एकटा आहे."

"दुसराच," खाटीक छताला म्हणाला.

"रेम्झी उस्तांना दाखवायचा का?" बाईने विचारलं.

"नको नको," नगराध्यक्ष म्हणाले. "त्यांच्यासाठी ती गंमत राहू दे."

कोणी कट केला असं म्हणता येणार नाही. कट करायला बोलावं लागतं. हे नुसते गप्प बसले, आणि गप्प बसल्या बसल्या प्रत्येकाला आपापली वाट आठवली. शेवटी पुतळ्याचं तोंड कुठे करायचं एवढाच प्रश्न राहिला.

"रजयांच्या दुकानाकडे," जावित म्हणाला. "घरीच चाललाय ना तो?"

पुतळ्यावरचं आच्छादन शिवायचं काम रीतसर उस्ताकडेच आलं. मापं सांगायला जावित स्वतः आला, उंची सांगितली, घेर सांगितला आणि म्हणाला, "डाव्या बाजूला जरा फुगवटा ठेव."

"डाव्या? वर केलेला हात उजवा आहे माझा."

"कलाकार माणसं, आबी. कोटाचा घोळ असेल, वारा असेल. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

जावित गेल्यावर नेझिहे म्हणाली, "उजवा हात वर आहे, तर उजवीकडे उंची का नाही मागितली त्याने?"

"तू दोरे ओव."

"मी ओवतेच आहे. पण जावित हसत होता."

"बूटवाला आहे तो. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून बसून तोंड तसंच झालंय."

किरमिजी साटिन घेतलं त्याने. पुतळ्याच्या आच्छादनाला कोणी अस्तर लावत नाही, याने लावलं. काठाला चारी बाजूंनी फाशांची नक्षी टाचली, प्रत्येक फाशावर सहा ठिपके. डाव्या बाजूचा फुगवटा इतका सफाईने बसवला की शिवण कुठे आहे ते हात फिरवूनही कळू नये. स्वतःच्या लेकींच्या लग्नातल्या रजयांनासुद्धा त्याने एवढे बारीक टाके घातले नव्हते.

अनावरणाच्या दिवशी चौकात बँड होता, शाळेची मुलं होती, सरबताच्या घागरी होत्या. उस्ताने नवा कोट शिवला होता आणि सवयीने त्याच्याही कॉलरला सुई टोचली होती. नेझिहे पहिल्या रांगेत. नगराध्यक्षांनी दोरी त्याच्याच हातात दिली. त्याने ओढली. साटिन सुळकन खाली उतरलं, हवेत जरा फुगलं आणि पुतळ्याच्या पायाशी हळूच बसलं. चांगलं साटिन असंच उतरतं.

भुवया त्याच्या. मिशी त्याची. कॉलरला टोचलेली सुईसुद्धा बाईने सोडली नव्हती. उजवा हात, शहर ओळखतं तो हात, बाजूला रिकामा लोंबत होता. आणि डाव्या बगलेत, बिजागरीसकट, पट.

मग खाटकाच्या नाकातून टायरमधली हवा सुटावी तसा आवाज आला, आणि चौक फुटला. हे काही एका दिवसाचं हसू नव्हतं. वर्षानुवर्षं साठवून, मुरवून ठेवलेलं होतं. मास्तर पोट धरून फुटपाथवर बसले. न्हावी रडत होता. बँडवाले दुसऱ्या गावचे, पण त्यांनाही हसू लागलं आणि ताशावाल्याने उगाचच दोन टिपऱ्या मारल्या.

"उस्ता, कोणाकडून हरलास रे?"

"वाट कुठली मिळाली?"

"हळू जा, पट पडेल!"

सेर्पिल हानमला वाटलं शहर खूष झालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती टाळ्या वाजवू लागली. उस्ता खाली वाकला, साटिन उचललं, झटकलं, आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून नीट घडी घातली. भर हशात तो एवढं एकच काम करत राहिला, कारण साटिन जमिनीवर पडू द्यायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो नगराध्यक्षांपुढे जाऊन उभा राहिला. "पट काढा."

"अखंड ओतीव काम आहे, उस्ता. पट काढायचा तर हात जाईल."

"मग हात काढा."

"हाताशिवायचा खेळाडू? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. हात तुटलेला चालेल, हरलेला नको."

नगराध्यक्षांनी खुर्चीत पाठ टेकली. "मला तुम्ही कुठून पाठवलं होतं, आठवतं? मी आलो होतो का तुमच्याकडे, काढा म्हणून?"

सेर्पिल हानमला कोणीतरी अर्थ समजावून सांगितला तेव्हा तिचा फोन आला. ती हुंदके देत होती. "मला कोणी सांगितलंच नाही हो!"

"मलाही नाही, पोरी," उस्ता म्हणाला, आणि तिच्या आईला रजई उबदार वाटते ना, ते विचारून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर तो कहवाखान्यात गेला नाही. सुईवरून नजर वर केली की समोरून तो दुसरा रेम्झी पट घेऊन आपल्याच दुकानाकडे येताना दिसायचा. रोज यायचा आणि कधी पोचायचा नाही. शेवटी उस्ताने चौथऱ्यावरची बैठक फिरवली आणि चौकाकडे पाठ करून बसू लागला. गिऱ्हाइकं त्याच्या पाठीशी बोलायची. पाठीमागे बसगाड्या थांबत होत्या, माणसं उतरत होती, काहीतरी गलका चालायचा, हशा पिकायचा. तो मान वळवायचा नाही. प्रत्येक हसू आपल्यावरचंच, अशी त्याची खात्री होती.

हिवाळा असाच गेला. वसंताच्या जत्रेआधी जावित बेय एकदा दुकानापुढे थांबला आणि त्या पाठीला म्हणाला, "बाहेरचा रेम्झी थंडीपावसात उभा आहे. आतला कुठाय? का त्याने शिकायला म्हणून पट घरी नेला तो नेलाच?"

पाठ हलली.

"रविवारी," उस्ता म्हणाला. "पाच डाव."

नेझिहेने त्या रात्रीचं जेवण होईपर्यंत दम धरला. मग म्हणाली, "नको जाऊस. हरलास तर?"

"हरणार नाही."

"जिंकून तरी काय मिळणार?"

"जावितला पुतळ्याभोवती फिरवणार. भर जत्रेत. शहराला एकदा खऱ्या माणसाच्या बगलेत पट बघू दे. एकदा बघितला की तो बाहेरचा खोटा पडेल. मग तो उभा राहीना का कयामतपर्यंत."

रविवारी उस्ताने पट अभ्र्यात घातला, तळव्यावर घेतला, आणि पुतळ्याकडे न बघता चौक ओलांडला. कहवाखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. इहसानने न विचारता चहा आणून ठेवला. पहिले दोन डाव उस्ताच्या हातून गेले. बोटांना गंज चढला होता. मग बोटं आठवायला लागली. सोंगट्या पटावर आपटल्याचा आवाज पूर्वीसारखा टणटणीत येऊ लागला. बरोबरी झाली. शेवटच्या डावात जावितची एक सोंगटी उस्ताच्या घरात अडकून पडली, आणि तिच्यासाठी जावित फासे घोळवून घोळवून टाकत राहिला. उस्ताला पडले दोन छक्के. पुन्हा दोन छक्के. त्याने शेवटची सोंगटी उचलली तेव्हा जावितची एकही बाहेर निघाली नव्हती.

"मार्स," इहसान पुटपुटला.

जावितने पट मिटला. "वाट?"

"चौकातून. पुतळ्याला वळसा घालून. सावकाश."

"आबी," जावितचा आवाज एकदम खाली आला, साखरपुड्याच्या दुपारी आला होता तसा. "लेक आली आहे जत्रेला. नातवंडं आहेत. व्याही आहेत रे बाहेर."

"म्हणूनच," उस्ता म्हणाला.

जावित उठला. पट बगलेत मारला, मान खाली घातली आणि दाराबाहेर पडला. उस्ता त्याच्या मागोमाग उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. इतक्या महिन्यांनी तो चौकाकडे तोंड करून उभा होता.

जावितने दहाएक पावलं टाकली असतील. कोणीतरी टाळी वाजवली. मग आणखी कोणी. पुतळ्यापाशी एक बस नुकतीच रिकामी झाली होती, टोपीवाला वाटाड्या ओरडला, "बघा, बघा मंडळी, इथली जुनी रीत! खेळ झाला की पट असा मानाने बगलेत घ्यायचा!" लोकांनी मोबाइल वर केले. उस्ताने डोळे चोळले. पुतळ्याच्या बगलेतल्या पटाचा कोपरा हात लागून लागून सोन्यासारखा चकाकत होता. परीक्षेला जाणारी मुलं त्याला हात लावून जात होती. एक नवी नवरी झग्यासकट पुतळ्याच्या शेजारी उभी होती आणि तिच्या नवऱ्याच्या बगलेत पट होता. इहसानने दाराशी जुन्या पटांची चळत रचून ठेवली होती, आणि बसमधली माणसं त्यातले पट उचलून बगलेत मारून हसत होती. एकमेकांना. उस्ताला कोणी हसत नव्हतं. उस्ताकडे कोणी बघतच नव्हतं.

"पटवाले!" असा आवाज देत जावितचा व्याही गर्दीतून धावत आला आणि त्याने जावितच्या खांद्यावर हात टाकला. छाती काढून वाटाड्याला म्हणाला, "आमचे व्याही हे! पहिल्यापासून असेच चालतात. मी साखरपुड्यालाच ओळखलं होतं!"

जावितने हळूच मान वर केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पट बगलेत आणखी जरा वर सरकवला, मिशीवरून बोट फिरवलं आणि पुतळ्याभोवती वळसा घालायला निघाला. सावकाश. त्याला सांगितलं होतं तसंच. मागे नवरी, नवरा, व्याही, नातवंडं आणि बसमधली निम्मी माणसं, प्रत्येकाच्या बगलेत पट. जावितचे बूट उन्हात लखलखत होते. एक वळसा झाला, त्याने आपणहून दुसरा सुरू केला.

"काका," मोबाइल धरलेली एक मुलगी उस्ताला गोड आवाजात म्हणाली, "जरा बाजूला होता का? तुम्ही मधे येताय."

उस्ता बाजूला झाला.

त्याचा पट जावितच्या बगलेत होता, त्यामुळे चौक ओलांडताना त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. दुकानात नेझिहे अर्धवट टाचलेला गुलाब मांडीवर घेऊन बसली होती.

"जिंकलास?"

"जिंकलो. मार्स दिला."

"मग? तोंड असं का?"

उस्ता चौथऱ्यावर बसला. कॉलरची सुई काढली, पुन्हा टोचली. "त्याला टाळ्या पडल्या," तो म्हणाला. "त्याच्या मागे लोक पट घेऊन फिरतायत. नवरी फिरतेय. त्याने दोन वळसे घेतले, नेझिहे. मी एकच सांगितला होता."

नेझिहेने ओठ दाबले. चौकाकडे बघितलं, साटिनकडे बघितलं, गुलाबाची पाकळी उगाच सारखी केली. अनावरणाच्या दिवशी अख्खा चौक हसत असताना ती हसली नव्हती. त्या दिवसापासून घरातही हसली नव्हती, आणि उस्ता मनातल्या मनात त्यावरच उभा होता.

"हसू नकोस," तो म्हणाला.

"नाही हसत," ती म्हणाली, आणि सुई बोटात जाऊ नये म्हणून आधी ती साटिनला नीट टोचून ठेवली. मग डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं. पण काही झालं तरी तीही याच शहरातली होती.